पद मागितलं तर बिघडलं कुठं?

ताई, आमचं खनिजसंग्राहकांचं छोटं मंडळ आहे, साठेक सभासदांचं. सात वर्षं मी तिथे पडेल ते काम करते. प्रदर्शनाआधी टेबलं मांडणं, नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिणं, सहलीला आलेल्यांची यादी ठेवणं, शेवटी खोकी उचलून कपाटात परत लावणं. कार्यकारिणी मात्र अकरा वर्षं तीच आहे. यंदा अध्यक्षांनी स्वतःहून थांबायचं ठरवलंय आणि वार्षिक सभेत निवडणूक आहे. मला अध्यक्ष व्हावंसं वाटतं. हे एका ज्येष्ठ सभासदांजवळ बोलले, तर ते म्हणाले, 'पद मागायचं नसतं, ते चालून यावं लागतं.' तेव्हापासून मन खट्टू झालंय. त्यात माझा जवळचा मित्रही त्याच पदासाठी इच्छुक आहे. तो नमुना हातात घेतल्याबरोबर खनिज ओळखतो. मी भूविज्ञान शिकलेली नाही, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटमध्ये अजून गोंधळते. शिवाय कार्यकारिणीतले दोघं नमुन्यांची खरेदी-विक्री करतात, त्यांना माझं नाव रुचेल असं वाटत नाही. पुढे व्हावं की मागे सरावं?
– सातवं वर्ष मोजणारी एक स्वयंसेविका

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना त्या ज्येष्ठांच्या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. 'पद चालून यावं लागतं' हे मी आमच्या मंडळातही ऐकलंय, आणि ते म्हणणारी माणसं बहुतेक वेळा मनानं चांगलीच होती. पण चालून येणारं पद ओळखीच्याच दारात जाऊन थांबतं. मागच्या बाजूला खोकी उचलणाऱ्या बाईकडे ते कसं येणार? तिला ते हवंय हे कुणाला ठाऊकच नसतं. छोट्या मंडळाची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. 'कोण तयार आहे?' असं विचारलं की सगळे समोरच्या ट्रेमधले स्फटिक न्याहाळायला लागतात. मग कुणीतरी म्हणतं, 'आहेत तेच राहू द्या', टाळ्या पडतात आणि आणखी एक वर्ष जातं. त्यात खुर्चीची हाव असतेच असं नाही. पुष्कळदा ती चार-पाच माणसं थकलेली असतात आणि कुणी मागायला येत नाही म्हणून त्यांची सुटका होत नाही.

तेव्हा मागा, आणि स्पष्ट मागा. 'कुणी नसेल तर मी बघते' अशा पडेल आवाजात मागू नका. 'मला हे काम करायचंय आणि ते मी असं करीन' असं म्हणा. सात वर्षं काम केलेल्या माणसानं असं म्हणण्यात काहीही उणं नाही.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. अध्यक्षपदच का?

पत्रात तुम्ही कामांची यादी दिलीत आणि शेवटी पदाचं नाव लिहिलंत, पण त्या दोहोंना जोडणारं वाक्य त्यात नाही. अध्यक्ष झाल्यावर काय बदलायचंय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अनुभव असा, की खनिजसंग्राहकांच्या मंडळात अध्यक्ष सभा चालवतो, सह्या करतो, दोन सभासदांचं बिनसलं तर मध्ये पडतो आणि पाहुण्यांचं स्वागत करतो. यातलं काहीच क्षुल्लक नाही. पण मंडळ चालतं ते कार्यवाहाच्या टेबलावरून. खाणमालकाला परवानगीसाठी पत्र कोण लिहितं? सभेची सूचना वेळेत कोण पाठवतं? इतिवृत्तात ठराव नेमक्या शब्दांत कोण उतरवतं? सभासदांची यादी, वर्गणी कुणाची आली, कुणाची राहिली, सभागृह कधी मोकळं आहे, हे सारं कार्यवाहाकडे असतं. तुमच्या पत्रावरून दिसतंय, की यातलं निम्मं काम तुम्ही आजही करता, फक्त त्याला नाव नाही आणि निर्णयाचा अधिकारही नाही. मी तुमच्या जागी असते तर यंदा कार्यवाहपदासाठी अर्ज भरला असता. यात पायरी उतरल्यासारखं काही नाही. मंडळाला तुमची गरज सर्वांत जास्त तिथे आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तरीही अध्यक्षच व्हायचं असेल तर त्याचं कारण एका वाक्यात कागदावर लिहून पाहा. 'नवीन सभासद दोन सभांनंतर येईनासे होतात, ते मला थांबवायचंय' असं काही उमटलं, तर जरूर उभ्या राहा. वाक्य सुचलंच नाही, तर थोडा विचार करा.

भूविज्ञान शिकलेली नाही, ही भीती मात्र मनातून काढून टाका. या छंदाचा इतिहासच शौकिनांनी घडवलाय. न्यूयॉर्क मिनरलॉजिकल क्लब १८८६ साली सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी जॉर्ज कुंझ हे रत्नं आणि खनिजं स्वतःच्या अभ्यासातून शिकलेले गृहस्थ. पुढे कुंझाइट या गुलाबी-जांभळ्या खनिजाला त्यांचंच नाव मिळालं. वॉशिंग्टन रोबलिंग यांचं आयुष्य ब्रुकलिन पूल बांधण्यात गेलं, पण त्यांनी जमवलेले सुमारे १६,००० नमुने १९२७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला मिळाले आणि आजही अभ्यासक ते वापरतात. पूल बांधणाऱ्यानं असा संग्रह उभा केला, तो त्याची शिस्त आणि चिकाटी यांच्या बळावर. स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटचं म्हणाल, तर स्टिल्बाइटचे स्फटिक बहुधा मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे जमतात आणि ह्यूलँडाइटचा स्फटिक मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता, शवपेटीच्या आकाराचा दिसतो. शंभर नमुने हाताखालून गेले की नजर बसते. आणि नाही बसली, तर मित्राला विचारा. कुणाला विचारायचं हे ठाऊक असणं पदाधिकाऱ्याला पुरतं.

खनिज ओळखणं ही मोठी विद्या आहे, पण ती पदाची पात्रता नव्हे. कागदावरची नोंद सांभाळणं ही पात्रता आहे, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण याच एका बाबतीत आपली मंडळं इतर छांदिष्टांच्या मंडळांपेक्षा वेगळी पडतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळाला एका दिवंगत सभासदाचा संग्रह मिळाला. दहा-बारा खणांचं कपाट होतं. प्रत्येक नमुना छोट्या खोक्यात आणि त्याखाली घडी घातलेली चिठ्ठी. कपाट दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं आणि घाई होती. मी एका खणातले नमुने उचलून टेबलावर ठेवले, चिठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा केला आणि वाटलं, नंतर जुळवता येतील. चाळीसच्या आसपास नमुने होते. त्यातले सात-आठ जुळले. बाकीच्यांची नावं आम्ही पुन्हा शोधून काढली, कारण कठिणता, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), चकाकी तपासून खनिजाचं नाव केव्हाही सांगता येतं. फ्रिड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंतची कठिणतेची दहा पायऱ्यांची श्रेणी आजही त्याच कामाची आहे. पण तो तुकडा कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून, कोणत्या वर्षी निघाला, हे दगड स्वतः सांगत नाही. नामिबियातली त्सुमेबची खाण १९९६ मध्ये बंद झाली. तिथला निळाभोर अझुराइट आणि दुसरीकडचा अझुराइट नुसत्या डोळ्यांना सारखे दिसू शकतात. चिठ्ठी हरवली की त्सुमेबचा तुकडा नुसताच एक निळा दगड उरतो. ते कपाट नीट सांभाळलं जाईल या विश्वासानं त्या घरच्यांनी आम्हाला दिलं होतं, आणि माझ्या हातून त्या नमुन्यांची ओळखच पुसली गेली. आजही एखाद्या नमुन्याखाली कोरं खोकं दिसलं की मला तो खण आठवतो.

त्या दिवशी खोलीत सहा जण होतो. सगळेच स्वयंसेवक, सगळेच उत्साही. 'थांबा, आधी क्रमांक घाला' असं म्हणायचा अधिकार मात्र कुणालाच दिलेला नव्हता. पदं लागतात ती यासाठी. नमुन्याच्या मागच्या, कमी देखण्या बाजूला लाखेसारख्या पारदर्शक आणि पुन्हा काढता येणाऱ्या लेपाचा छोटा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर बारीक शाईनं क्रमांक घालायचा, वरून आणखी एक थर आणि तोच क्रमांक नोंदवहीत. पाच मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय नमुना जागचा हलणार नाही, एवढं ठामपणे सांगणारा एक माणूस मंडळाला हवा असतो. संग्रहपालानं नेमकं हेच करायचं असतं.

कपाटाचंही तसंच. कुठलंही मंडळ नमुने जिथे जागा सापडेल तिथे ठेवतं. पायराइट आणि मार्कासाइट ही लोह-गंधकाची खनिजं दमट हवेत कुजायला लागली की त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि ते खालची चिठ्ठी नि खोकं खाऊन टाकतं. मनशीळ हे तांबडं खनिज, ती उजेडात ठेवली की हळूहळू पिवळ्या भुकटीत जाते. उलट लॉमोंटाइटला कोरडी हवा सोसत नाही, त्यातलं पाणी उडून स्फटिक भुसभुशीत होतात. म्हणजे एकाला जे हितकर ते दुसऱ्याला घातक. हे लक्षात ठेवून खण ठरवणारा माणूस खनिजांचा जाणकारच असावा लागतो. तुमच्या पत्रातला मित्र मला इथे दिसतो. अध्यक्ष होऊन त्याचे दिवस सभागृहाच्या आरक्षणात जाण्यापेक्षा संग्रह त्याच्या हाती यावा, असं मला वाटतं. अर्थात हे ठरवायचं त्यानं.

नोंदवहीबद्दल आणखी एक. तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. जेम्स स्मिथसन हे स्वतः खनिजांचे अभ्यासक आणि संग्राहक होते. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या स्मिथसोनियन संस्थेला १८६५ च्या जानेवारीत आग लागली, तेव्हा त्यांचा खनिजसंग्रह आणि त्यांची बरीचशी कागदपत्रं एकाच इमारतीत होती. दोन्ही गेली.

आता सहलींबद्दल. तुम्ही यादी ठेवता असं लिहिलंय. पण खाणीच्या फाटकाशी उभं राहून 'तुमच्याकडे हेल्मेट नाही, तुम्हाला आज आत जाता येणार नाही' असं एखाद्या ज्येष्ठ सभासदाला तुम्ही सांगू शकाल का? डोळ्यांवर चष्मा नसताना छिन्नीवर घाव घालणाऱ्याला थांबवाल का? घरातली सुताराची हातोडी घेऊन आलेल्याला ती खाली ठेवायला लावाल का? तिच्या पोलादाचा कपचा उडाला तर डोळा जाऊ शकतो, आणि हे ठाऊक असलेली माणसंसुद्धा कंटाळा करतात. उभ्या कड्याच्या पायथ्याशी, वर सैल दगड लोंबत असताना, नेमक्या तिथेच एका पोकळीत स्फटिक चमकताना दिसतात. अशा वेळी अनुभवी माणसंच सगळ्यांत आधी पुढे सरकतात. मी स्वतः त्यांच्यातली एक होते. त्या दिवशीच्या सहलप्रमुखानं मला नावानं हाक मारून मागे बोलावलं. तो वयानं माझ्याहून पुष्कळ लहान होता. मला राग आला होता. आज मात्र त्याच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

तुम्ही कोणत्याही पदाला उभ्या राहा, पण हा प्रसंग मनात घोळवून पाहा. चार माणसांच्या नाराजीचं ओझं एक दिवस वागवता येईल, असं वाटलं तर तुम्ही तयार आहात. खाणीची परवानगी हाही काळजीचा विषय आहे. ती कागदावर मंडळाच्या नावानं असली, तरी प्रत्यक्षात एका माणसाच्या ओळखीवर टिकलेली असते. तुमचे मावळते अध्यक्ष किती खाणमालकांना नावानं ओळखतात, ते विचारा. ते थांबले आणि नव्या माणसाची ओळख करून दिली नाही, तर पुढच्या सहलीला फाटक बंद मिळेल. त्यामुळे निवडणुकीआधीच, निकाल काहीही लागो, त्यांच्याबरोबर दोन ठिकाणी जाऊन या. ते नाही म्हणणार नाहीत. अकरा वर्षं एखादी गोष्ट सांभाळलेल्या माणसाला ती कुणीतरी नीट उचलून न्यावी असंच वाटत असतं.

खरेदी-विक्री करणाऱ्या त्या दोघांना आधीच विरोधक ठरवू नका. नमुने विकणारी माणसं मंडळात असणं वाईट नाही. बाजाराची, खाणींची आणि खोट्या मालाची त्यांना जी माहिती असते, ती इतरांना नसते. रंगवलेला अॅगेट किंवा डिंकानं चिकटवलेला स्फटिक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. अडचण होते ती एकाच ठिकाणी. एखाद्या कुटुंबाकडून मंडळाला संग्रह मिळतो आणि लिलावात जाण्याआधी तो पहिल्यांदा कोण पाहतो, कोण बाजूला काढून ठेवतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग कुजबुज सुरू होते आणि प्रामाणिक माणूसही तिच्यात भरडला जातो. त्यावर उपाय सोपा आहे. देणगीतल्या प्रत्येक नमुन्याची यादी छायाचित्रासह आधी व्हावी, ती दोन जणांनी मिळून करावी आणि त्यातला कुणीही विक्रेता नसावा. पदाधिकाऱ्याला काही घ्यायचं असेल, तर त्यानं इतरांसारखीच लिलावात उघड बोली लावावी. हा ठराव मांडायच्या आधी त्या दोघांकडे जा आणि त्यांनाच मसुदा दाखवा. सचोटीनं धंदा करणारा माणूस त्याला अनुमोदन देईल, कारण त्यामुळे त्याच्यावरचा संशय दूर होतो. आणि कुणी कडाडून विरोध केलाच, तर ठराव का हवा होता, हे सभेला आपोआप कळेल.

सर्वांत नाजूक गोष्ट मित्राची. त्याच्याशी अर्ज भरायच्या आधी बोला, शक्यतो याच आठवड्यात, आणि समोरासमोर. 'तुला हे पद का हवंय?' हा प्रश्न खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारा. कदाचित त्याला अध्यक्षपदात काहीच रस नसेल, त्याला फक्त संग्रहाचे हाल थांबवायचे असतील. कदाचित तो म्हणेल, की मला तेच पद हवंय, आणि तुम्हालाही तेच हवं असेल. मग दोघांनी उभं राहावं. लढत झाली म्हणजे मंडळ फुटलं, असं मला वाटत नाही. पाठीमागे मोजणी सुरू होते, 'तू कुणाकडून?' असं सभासदांना विचारलं जातं, तेव्हा मंडळं फुटतात. दोघांनी एकमेकांना आधीच सांगितलं असेल, की कुणीही आलं तरी दुसरा संग्रह किंवा सहली सांभाळेल, तर साठ माणसांच्या मंडळाला दोन चांगली नावं मिळणं ही आनंदाचीच गोष्ट आहे.

कागदोपत्री बाजू कंटाळवाणी आहे, पण तिच्यावरच अर्ज बाद होतात. मंडळाची घटना मागून घ्या आणि स्वतः वाचा. सांगोवांगीवर विसंबू नका. अर्जाची मुदत, सूचक आणि अनुमोदक किती, वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली हवी, गणपूर्तीला किती माणसं लागतात, पदाचा कार्यकाळ किती, एकाच माणसाला सलग किती वेळा राहता येतं, हे पाहून घ्या. बऱ्याच जुन्या घटनांत कार्यकाळाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. तसं आढळलं तर सभेत कुणाला खजील करू नका, आधी अध्यक्षांच्या कानावर घाला. सूचक म्हणून त्या ज्येष्ठांनाच विचारा, ज्यांनी तुम्हाला 'पद मागायचं नसतं' असं सांगितलं. ते नाही म्हणू शकतात. पण तुमची सात वर्षं त्यांनीही पाहिलीत, आणि विचारल्यावर माणसं पुष्कळदा आपल्या जुन्या वाक्यापेक्षा मोठी निघतात.

सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतील. मागच्या कार्यकारिणीत काय चुकलं, ते सांगण्यात त्यातलं एकही मिनिट घालवू नका. वर्षभरात काय करणार, ते मोजता येईल अशा शब्दांत सांगा. सगळ्या नमुन्यांना क्रमांक, नोंदवहीची दुसरी प्रत, प्रत्येक सहलीआधी लेखी परवानगी आणि सुरक्षेचे नियम, नव्या सभासदामागे पहिले तीन महिने एक जुना सभासद. एवढं पुरे. यापेक्षा जास्त आश्वासनं दिली, तर डिसेंबरात तुम्हीच दमलेल्या असाल. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या मंडळात तुमच्या मदतीला येणारी माणसंही आपापल्या घरच्या कामांतून वेळ काढूनच येतात.

निवडून आला नाहीत, तर एखादा महिना वाईट वाटेल, वाटू द्या. मग नव्या अध्यक्षांकडे जाऊन एखादं नेमकं काम अधिकारासकट मागा. 'मदत करते' असं म्हटलंत, तर पुन्हा खोकीच वाट्याला येतील. 'नोंदवही माझ्याकडे द्या, तिच्यात माझा शब्द अखेरचा असेल' असं म्हणा.

आणि निवडून आलात, तर पहिल्याच आठवड्यात जुन्या पदाधिकाऱ्यांबरोबर कपाटासमोर बसा. किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे, बँकेत सह्या कुणाच्या, खाणमालकांचे क्रमांक कोणत्या वहीत, कुठल्या नमुन्याची चिठ्ठी कधी हरवली आणि ती कुणाला आठवते, हे सारं त्यांच्या तोंडून ऐका आणि तिथेच लिहून घ्या. जुन्या सभासदांच्या आठवणीत पुष्कळ नमुन्यांची ठिकाणं अजून जिवंत असतात. तुमच्या मावळत्या अध्यक्षांना ती यादी सांगायला एक अख्खी दुपार लागेल. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसायला मित्रालाही बोलवा.

तुमची,
ताई